गोल्फचा भोंगा

२६ नोव्हेंबर २०१२, सोमवार

गोल्फ! आपल्या गोंदियात! दिल्लीचे, कोलकात्याचे, बंगळूरचे खेळाडू येणार — ज्यांचं पोटच या खेळावर चालतं असे! राइस मिलवाल्या शेठनी शहराबाहेर मैदान बनवलंय ना, तिथे. १३ डिसेंबरपासून चार दिवस स्पर्धा.

आणि प्रचार कोणाचा? आमचा!

भोजराजभाऊ मिठाईवाले संध्याकाळी आमच्या रेकॉर्डिंगच्या दुकानात आले. बाजारातल्या दुकानदारांची बैठक झाली म्हणे. स्पर्धेच्या कमिटीचे नागपूरचे साहेब तिथे तोंडावर बोलले, ‘इधर कौन आएगा देखने?’ भाऊंना झोंबलं. उभे राहून सांगून टाकलं — ‘पब्लिक हम लाएंगे!’ आता घाम फुटलाय. ‘उर्वशीबाई, धनेंद्रभाऊ, बाजाराची इज्जत तुमच्या हातात आहे.’

हे विचारात पडले. मी लगेच हो म्हटलं. मंडईच्या जत्रेतली नाटकं, साड्यांचा सेल, शाळांचे प्रवेश — सगळं माझ्याच आवाजात जातं. हे रेकॉर्ड करतात, भोंगा ऑटोवर चढतो, आणि मी घरी भाजी चिरत असताना गल्लोगल्ली फिरून येते! मग गोल्फ काऊन नाही?

गोल्फ म्हणजे काय ते उद्या-परवा बघू.

२८ नोव्हेंबर

मैदान पाहिलं. एवढी हिरवळ आणि एकही म्हैस नाही! चपला काढून चालावंसं वाटलं. काठीनं बॉल मारत न्यायचा, लांब झेंडा रोवलाय तिथल्या खड्ड्यात घालायचा. असे अठरा खड्डे. ज्याचे फटके कमी तो जिंकला. बस, एवढंच!

१ डिसेंबर

पहिली रेकॉर्डिंग शहरात फिरली. ‘ऐका हो ऐका! ढोल घेऊन या, शिट्ट्या घेऊन या, पोराबाळांसकट या!’ मस्त जमलं.

पण एका चौकात म्हाताऱ्यानं ऑटो थांबवला. ‘हे गोल्फ धान किती दिवसात निघते जी?’

त्याला वाटलं नवं बियाणं आलं!!

२ डिसेंबर, रविवार

सगळे कामाला लागलेत. भोजराजभाऊंनी पांढरा गोल पेढा काढलाय — काडीनं टोचून टोचून त्याला बॉलसारखे खळगे पाडतात. शामकला फ्लेक्सवाली बोर्डांवर बोर्ड छापून राहिली. तरी गिऱ्हाइकं पेढा खातात, बोर्ड वाचतात आणि विचारतात, ‘पण आपलं कोण आहे त्यात?’

आहे! आजच कळलं! गजेंद्र — नवेगाव बांधचा. दहावीनंतर घरी न सांगता नागपूरला पळाला. तिथे साहेबलोकांच्या काठ्यांची थैली उचलता उचलता खेळायला शिकला. आता त्यांच्याच बरोबरीनं खेळतो! आणि जिल्ह्यात कोणाला पत्ता नाही.

४ डिसेंबर

बसनं नवेगाव बांधला गेलो. गजेंद्रची आई कुंदाबाई अंगणात धान पाखडत होती. आधी बोलायलाच तयार नाही. ‘बाप होता तोवर त्यानं नाव घेऊ देलं नाई. आता मी काय सांगू?’

तिनं त्याला खेळताना कधी पाहिलेलंच नाही. एकदाही नाही.

मी म्हटलं, जे मनात येईल ते बोला, मावशी. यांनी माइक पुढे धरला. सूप खाली ठेवलं तिनं. मग —

‘मी गजेंद्राची माय बोलून रायली. तो काय खेळते मले समजत नाई. पण मन लावून खेळत असंल त या, पाहा त्याले.’

परत बोलायला सांगितलं नाही. यांनी मशीन बंद केलं आणि डोळे पुसले. मी पाहिलं नाही असं दाखवलं.

८ डिसेंबर

कुंदाबाईचा आवाज आमगाव, तिरोडा, देवरी, सगळीकडे फिरून राहिला. लोक ऑटो थांबवून पुन्हा लावायला सांगतात! आज दरेकशाहून फोन आला — ‘गजेंद्रची मॅच किती वाजता?’

१२ डिसेंबर

खेळाडू आले. गजेंद्र स्टेशनवरून रिक्षात येत असताना चौकात आमचा भोंगा वाजत होता. आईचा आवाज ऐकून धावत्या रिक्षातून उतरला म्हणे! रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. मागचे हॉर्न देऊन राहिले, हा हलेना.

मग दुकान शोधत आला. उंच, काळासावळा, बोलायला लाजणारा. ‘ताई, माय येणार आहे का?’

ती काही बोलली नव्हती. तसं सांगितलं. मान हलवून गेला.

१३ डिसेंबर, गुरुवार

पब्लिक आलं! ट्रॅक्टरनं, बसनं, सायकलनं! कमिटीचे साहेब बघतच राहिले.

आणि सगळा सत्यानाश झाला.

गजेंद्रनं काठी उचलली की ढोल! मारणार तेवढ्यात शिट्ट्या! दोनदा बॉल बोडीच्या पाण्यात गेला. दिल्लीचा एक खेळाडू काठी आपटून निघून गेला. मला कुठे माहीत होतं की या खेळात मारताना श्वाससुद्धा जपून घ्यायचा असतो! ढोल आणा म्हणून मीच तर बोंबलत होते.

साहेब भोजराजभाऊंवर उखडले. ‘कल ऐसा हुआ तो गेट बंद!’ दोन दिवसांच्या खेळानंतर मागे पडलेल्यांना घरी पाठवतात. गजेंद्र पार मागे आहे. मी माफी मागायला गेले तर म्हणे, ‘तुमच्यामुळं आले त लोक, ताई. माह्या खेळाले आजवर कोणी टाळी नाई वाजवली.’

रडूच आलं.

१४ डिसेंबर

नवी रेकॉर्डिंग करायला वेळ नव्हता. हे म्हणाले, ‘तूच बोल.’

मी? लोकांसमोर?

सकाळी गेटजवळ माइक घेऊन ऑटोच्या पायरीवर उभी राहिले. ‘भावांनो, बायांनो, कालची चूक माझी. ढोल गेटवर ठेवा. गजेंद्र काठी उचलेल तेव्हा झोपलेलं लेकरू मांडीवर असल्यासारखे राहा. बॉल खड्ड्यात गेला की मग आभाळ फाडा!’

‘अरे, भोंग्यावाली बाई हीच!’ कोणीतरी ओरडलं. मग सगळे वळून माझ्याकडेच पाहायला लागले! शामकलानं पहाटेच छापलेले बोर्ड पोरीबाळींना वाटले — ‘उगी राहा!’

आणि राहिले! बिडीवाले, हमाल, मिलमधल्या बाया, सगळे उगी! एकजण खोकला दाबत लांब पळत गेला. गजेंद्रचा बॉल सरळ झेंड्याकडे, पुन्हा झेंड्याकडे, पुन्हा!

अगदी काठावर राहिला — पण राहिला! उद्या-परवा खेळणार!

१६ डिसेंबर, रविवार

कुंदाबाई आली. भाच्याच्या मोटारसायकलवर, नवं लुगडं नेसून. शेवटच्या खड्ड्याजवळ तिला पुढे बसवलं. गजेंद्रला कोणी सांगितलं नव्हतं. तो उंचवट्यावर चढून आला, आणि ती दिसली. क्षणभर तसाच थांबला. मग बॉलकडे वाकला.

बॉल खड्ड्यापासून फारच लांब होता. पाखरांचा आवाज तेवढा येत होता. बॉल निघाला, वळला, खड्ड्याच्या काठावर रेंगाळला, आणि पडला!

काय आवाज झाला! गेटवरचे ढोल आपोआप वाजायला लागले. चौथा आला गजेंद्र. पहिला कोण आला ते गोंदियात कोणालाच आठवणार नाही.

कुंदाबाईनं खड्ड्यात डोकावून पाहिलं. ‘एवढ्याशा भोकासाठी घर सोडलं का रे?’

तो हसायला गेला आणि रडला. तिनं पदरानं त्याचं तोंड पुसलं, लहान पोराचं पुसावं तसं.

२२ डिसेंबर

साहेबांचा फोन आला. पब्लिक फार छान, पण पुढच्या वर्षी स्पर्धा मोठ्या शहरात. भोजराजभाऊ म्हणाले, ‘तो क्या हुआ? मैदान थोडेही उठाके ले गए!’ शेठ तयार आहेत, गजेंद्र शिकवायला येतो म्हणाला — बाजाराची स्पर्धा आता आपणच घ्यायची! ‘माइकवर उर्वशीबाई, हे पक्कं.’

मी म्हटलं, ‘नाही. मी खेळणार.’

‘मग माइकवर कोण?’

मी यांच्याकडे बोट दाखवलं. आजवर नुसतं मशीन चालवणाऱ्या यांनी माइक उचलला, घसा खाकरला — ‘ऐका हो ऐका!’