जोड्याचा वास

नाना, तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा माझा राग उतरलेला नाही. तुम्ही देवपुरातले मानाचे हेडमास्तर. घरात मात्र फोडणी करपली की ताट सरकवून उठायचात. "तुनं ध्यान कोठे शे?" आई चुलीपाशीच बसलेली असायची. "माले वासच येत नही," ती एकदा म्हणाली, तर तुम्ही हसलात. डोकं ठणकतं म्हणून ती कपाळाला फडकं बांधायची, तेही तुम्हाला खुपायचं.

मग एका दुपारी तिला फिट आली. आपल्याकडच्या रीतीप्रमाणे तुम्ही पायातला जोडा काढून तिच्या नाकाशी धरलात. ती शुद्धीवर आली. डोळे उघडे, समोर तुम्ही, नाकाला घामट चामडं, आणि तरी तिनं तोंड फिरवलं नाही. "जोडानी बी किळस नही हिले," तुम्ही शेजाऱ्यांना म्हणालात, "हाई बठ्ठं नाटक शे." पुढे तिला दिसेनासं व्हायला लागलं. गोरा साहेब शाळा तपासायला येणार होता, म्हणून तिला डॉक्टरकडे नेणंही लांबलं.

शेवटी अमळनेरचा मामा आला. "अक्काले मी मुंबईले लई जास," एवढंच बोलला. मी सोबत गेले. तिथल्या सर्जननं तिला डोळे मिटायला लावून नाकाशी कापूर धरला, मग लवंगा. तिला एकही वास ओळखता आला नाही. "वास कधीपासून येत नाही?" त्यांनी विचारलं, आणि मला तुमचा जोडा आठवला. एक्स-रेत नाकाच्या वरचं, कवटीच्या तळाचं हाड जाड झालेलं दिसलं. मेंदूच्या आवरणाची गाठ होती, आधी वासाची आणि मग डोळ्यांची नस दाबत सावकाश वाढणारी, वाईट जातीची नव्हे. कवटी उघडून त्यांनी ती काढली. आई वाचली. डोळे गेले ते गेलेच. आधी आणलं असतं तर वाचले असते, असं त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. तुम्ही मात्र मरेपर्यंत लोकांना सांगत राहिलात, की डॉक्टरांनी हिचे डोळे घालवले. चाचपडत तुमचं ताट वाढणारी आई ते ऐकायची, आणि मला गप्प बसायला सांगायची.

नाना, मी तुम्हाला माफ केलेलं नाही. करणारही नाही. हे पत्र पाठवायचं तरी कुठं? तुमचे कपडे, छत्री, काठी, सगळं वाटून टाकलं. तो जोडा तेवढा ठेवलाय, त्यातच हे खुपसून ठेवते. डोकं फार दुखलं की मी तो बाहेर काढून नाकाशी धरते. मला अजून वास येतो, तुमचा, आणि हायसं वाटतं.