माजघरातला खांब

अण्णा, आपल्या शेतातल्या घराचं बुजवलेलं माजघर मागच्या आठवड्यात उघडलं. धाकट्याला तिथं स्लॅबचं घर बांधायचंय. जुनी सागाची लाकडं आधी उतरवून घ्यावीत म्हणून त्यानं उदगीरकडच्या एका म्हाताऱ्या सुताराला बोलावलं आणि मला अर्धापूरला फोन केला, "ताई, तू ये. मला एकट्याला न्हाई उघडवत."

ते घर लाकडावर उभं आहे, हे तुम्हीच मला शिकवलंत. भिंती नुसत्या आडोशाला. वरचं मातीचं माळवद खांब आणि तुळया पेलतात, असं तुम्ही माझा तळवा खांबाला लावून सांगायचात. माजघराच्या मधोमध एक खांब होता. चूल तिथंच, त्यामुळे उठता-बसता मायला त्याची अडचण. एक दिवस ती कमरेवर हात ठेवून म्हणते, "अहो, ह्या खांबानं माझं अर्धं घर खाल्लंय. काढा की." तेव्हाचा सुतार नको म्हणत होता. तुम्ही म्हणालात, "वरची तुळई बदलून जाड घालू. काय होत न्हाई." खांब निघाला त्या दुपारी माय मोकळ्या जागेत दोन्ही हात पसरून गरकन फिरली, हाताला पीठ तसंच. तुम्ही दारात उभे राहून तिच्याकडे बघत होतात. तुम्हाला इतकं खूश मी पुन्हा कधी पाहिलं नाही.

पुढच्याच वर्षी भूकंप झाला. आम्ही दोघं तुमच्याजवळ ओसरीत होतो म्हणून वाचलो. माय आत होती. तुम्ही धुळीत घुसलात, दगडाखाली तुमचा हात चेचला आणि लोकांनी तुम्हाला लातूरच्या दवाखान्यात नेलं. मायला शेजाऱ्यांनी बाहेर काढलं. तुम्ही परत यायच्या आत काकांनी माजघराचं दार दगडांनी बुजवून टाकलं होतं. सरणापाशीच कुणीतरी बोललं होतं, "मधला खांब काढला, म्हणून माळवद खाली आलं." वर कुणी बघितलंच नव्हतं. पण गावानं तेच धरलं, तुम्हीही तेच धरलंत.

मग तुम्ही शेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये राहायला लागलात. कुणाच्याही घरी गेलात तर आधी खांब चाचपून बघायचात, आणि मला त्याची लाज वाटायची. माझ्या लग्नाची बोलणी चालली होती तेव्हा पाहुण्यांच्या ओसरीवरसुद्धा तुम्ही तेच केलंत. घरी आल्यावर मी ओरडले, "आता चाचपून काय उपयोग? मायला तर तुम्हीच मारलं." तुम्ही मान हलवून नुसतं "हाव" म्हणालात. एवढंच. आणि विळा घेऊन कडबा तोडायला गेलात.

दाराचे दगड काढले तेव्हा आतून थंड, कोंदट हवा आली. तीस वर्षांहून जास्त काळ कोंडलेली. धाकटा उंबऱ्यावरच थांबला. सुतार बॅटरी घेऊन आत गेला आणि बराच वेळ वर बघत राहिला. मग म्हणाला, "ताई, ही तुळई जागची हलली न्हाई. वरचं माळवदबी जिथल्या तिथं हाय. ही मागची भिंत आत आली बघा, सगळे दगड भिंतीचे हायत. लाकडानं काय केलं न्हाई." मी विचारलं, "मधी खांब असता तर?" तो म्हणाला, "तरी भिंत आलीच असती."

मी तिथंच, मायच्या मोकळ्या जागेत, खाली बसले. धाकटा रडत होता, मला रडू येईना. तुळई खाली घेताना लाकूड करकरलं आणि मला खरंच वाटलं, तुम्ही मागं उभे राहून "हाव" म्हणालात. तेव्हापासून ते जात नाही. दुपारी स्वयंपाक करताना माझ्या सिमेंटच्या घरात, जिथं एकही लाकूड नाही, तिथंही मला ती करकर ऐकू येते, मग मी गॅस बंद करून थांबते, आणि घर गप्प होतं.

हे कुठं पाठवू? तरी एक सांगायचं राहिलंय. तुम्ही शेवटचे आजारी होतात तेव्हा धाकट्याकडून निरोप दिला होतात, 'पोरीला म्हणावं, एकदा येऊन जा.' केळीची काढणी चालू आहे, चार दिवसांनी येते, असं मी कळवलं. तुम्ही तिसऱ्या दिवशी गेलात.

अण्णा, काढणी चालू नव्हती.