मधल्या चौदा वर्षांचं व्याज

पोतोतान, इलोइलो
१८ ऑगस्ट २०१३

प्रिय मनोंग तेरियो,

तिकडे विनिपेगला सगळे बरे असाल. माझा गुडघा कुरकुरतो, पण चर्चपर्यंत चालता येतं. मंगळवारी आपल्या वडिलांच्या, तातयच्या, सहाव्या स्मृतिदिनाची मिस्सा झाली. पूर्वी वाट्याने आपली जमीन कसणारे नोंग तिवो आले होते. त्र्याऐंशी वर्षांचे झालेत, तरी बायकोने नारळाच्या पानात गुंडाळून केलेले भाताचे इबोस स्वतः घेऊन आले. तातयना आवडायचे म्हणून.

रविवारी फोनवर तू विचारलंस, "निकाल आपल्या बाजूने लागला, मग व्याज अर्धवट का?" मी म्हटलं, आवाज तुटतोय. आवाज तुटत नव्हता.

निकालाची प्रत सोबत आहे. जमिनीला सरकारी बँकेने लावलेल्या किमतीच्या दुप्पट किंमत कोर्टाने धरली. दरसाल बारा टक्के व्याजही दिलं, कुळांना द्यायला सरकारने जमीन घेतली त्या १९९१ पासून १९९५ पर्यंत आणि मग २००९ पासून पैसे हातात पडेपर्यंत. मधल्या चौदा वर्षांचं नाही. का नाही, ते सातव्या पानावर आहे. ते तू कोर्टाच्या भाषेत वाचण्याआधी माझ्या तोंडून ऐकावंस, एवढ्यासाठी हे पत्र.

सरकारने आपल्याला लुबाडलं, असं तू गेली वीस वर्षं म्हणत आलास. मीही मान डोलावत आले. पण ती कमी किंमत बँकेने मनाने काढली नव्हती. तातयनी स्वतः दरवर्षी लिहून दिलेल्या उत्पन्नावरून काढली होती. हेक्टरी पंचेचाळीस पोती. कर कमी बसावा म्हणून. खरं पीक नव्वदच्या खाली कधी गेलं नाही, हे बांधावर उभं राहिलेल्या कुणालाही माहीत होतं. तू तेव्हा मनिलाला शिकत होतास.

खटला उभा राहिला तेव्हा कोर्टाने आपल्याकडे मळणीचे खरे हिशेब मागितले. ते दिले असते तर किंमत तेव्हाच वाढली असती. पण मग आधीचं सगळं खोटं ठरलं असतं. तातय मला म्हणाले, "मी मेल्यावर काय ते सांगा. मी जिवंत असताना या गावात मला लबाड म्हणवून घ्यायचं नाही."

म्हणून आम्ही तारखा मागत राहिलो. कधी तातय आजारी, कधी कागद सापडत नाहीत. अर्ज मीच घेऊन जायचे. आणि प्रत्येक तारखेचे वकिलाचे पैसे तू पाठवत होतास. रात्रपाळ्या करून. तुझं पाकीट आलं की तातय दोन दिवस माझ्याशी बोलायचे नाहीत. माझी नजर चुकवत असावेत. मीही त्यांची चुकवत होते.

ते गेल्यावरही मी दोन वर्षं काढली. तेव्हा तर मला कुणी अडवत नव्हतं. अशी चौदा वर्षं गेली; उशीर आपणच केला म्हणून त्यांचं व्याज नाही, हेच सातव्या पानावर आहे.

शेवटी नोंग तिवोच घरी आले. म्हणाले, "इंदाय, पोरी, शेतात काय पिकायचं ते मी कोर्टात सांगतो."

मी म्हटलं, "तुम्ही कशाला? तातयनी तुमच्याकडून वाटा घेताना एक पोतं सोडलं नाही कधी."

"नाही सोडलं. तुझ्या बापासाठी नाहीच येत मी. जमीन चांगली आहे. ती नापीक होती असं कुणी कागदावर लिहिलेलं मला सहन होत नाही." मग म्हणाले, "ते मला विचारतील, कागदावर आकडा कमी का. मी म्हणेन, मला वाचता येत नाही. तुझ्याकडे मी बघणार नाही."

कोर्टात ते तसंच बोलले, आणि खरंच त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. पुढची साक्ष माझी होती. बँकेच्या वकिलाने जुने कागद समोर धरले आणि विचारलं, "हे अक्षर कुणाचं?"

मनोंग, अक्षर माझं होतं. एकोणिसाव्या वर्षापासून ते फॉर्म मीच भरत होते. माझं अक्षर सुरेख म्हणून तातय मलाच बसवायचे.

न्यायाधीशबाईंनी मला वाट करून दिली. म्हणाल्या, "वडिलांनी सांगितलं तेच तुम्ही लिहिलंत ना?"

मी म्हटलं, "हो. पण खोटं आहे हे मला कळत होतं."

बाकावर गावातले पाच-सहा जण होते. त्यांतल्या तिघांना मी शाळेत शिकवलंय. बाहेर आल्यावर नोंग तिवोंनी जीपनीचं माझं भाडं दिलं, एवढंच.

तुला सांगायला त्यानंतर चार वर्षं लागली. दर रविवारी तुझा फोन येतो आणि दर रविवारी मी पावसापाण्याचं बोलते.

तू पाठवलेल्या वकिलाच्या फीची यादी माझ्याकडे आहे. ती सगळी रक्कम माझ्या वाट्यातून तुला द्यावी, असं मी वकिलाला लिहून दिलंय. नको म्हणू नकोस. त्या वर्षांचं व्याज मात्र मी देऊ शकत नाही, तेवढं माझ्याकडे नाही. आपल्या आईच्या, नानयच्या, शेवटच्या दुखण्यात तू तिकीट काढू शकला नाहीस, तेही त्याच वर्षांतलं. हे मला माहीत आहे, हे तुला माहीत असावं.

तातयशी फार कठोर होऊ नकोस. त्यांना लाज वाटत होती, आणि लाज वाटतेय हे सांगायचीही लाज वाटत होती. माझंही तेच झालं. फरक इतकाच की मी अजून जिवंत आहे, आणि माझ्यावर रागावता येतं.

तेव्हा रागाव. पण फोनवर नको. इथे ये, समोर बस आणि बोल. मी आवाज तुटतोय म्हणणार नाही.

तुझ्या पैशांवर चौदा वर्षं गप्प बसलेली,
तुझी धाकटी बहीण
साल्विंग