परत पाठवलेली मशीन

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आता तरी माझा राग विझायला हवा होता. विझला नाही. आज सकाळी शेजारची म्हातारी ओट्यावर बसून पापणीला लवंग उगाळून लावताना दिसली आणि मी तिच्यावर अशी खेकसले की तिचा मुलगा धावत बाहेर आला. "रांजणवाडी हाय काकू, उतरंल," म्हणाला. त्याच जागी कितव्यांदा आली, विचारलं, तर तिसऱ्यांदा. उद्या तो तिला नांदेडला नेणार आहे. तुझ्या वेळी असं खेकसायला कुणीच नव्हतं.

औंढ्यात देवळामागच्या गल्लीत आपलं घर आणि दारातच तुझी शिलाई मशीन. माझ्या लग्नात ती तू मला दिलीस, आणि गिऱ्हाइकं तुटायला लागली तशी परत मागून नेलीस. मला त्याचं काहीच वाटलं नव्हतं. पण पुढं तुझ्या पापणीला गाठ आली आणि तू ठरवूनच टाकलंस. "लेकीला दिलेलं माघारी घेतलं, म्हून डोळ्याला आलं." दिलेलं परत घेतलं की रांजणवाडी येते, हे आपल्याकडं शेंबड्या लेकरालाही ठाऊक असतं. तालुक्याच्या डॉक्टरनं चिरा देऊन गाठ काढली, बादलीत टाकली, डोळ्यात घालायला थेंब दिले. गाठ पुन्हा तिथंच आली. त्यानं पुन्हा चिरली, पुन्हा बादलीत टाकली. तिथले पापणीचे केस गळाले, डोळा सदा लाल, तरी त्या शहाण्याला गाठीचा तुकडा तपासायला पाठवावासा वाटला नाही. त्याला मी माफ केलेलं नाही, करणारही नाही.

आणि तू काय केलंस? मशीन टेम्पोत घालून माझ्या सासरी, कनेरगाव नाक्यावर पाठवून दिलीस आणि गाठ उतरायची वाट बघत बसलीस. मी भेटायला येते तर तू खुशीत. "तुझं तुला दिलं. आता बघ कशी उतरती." गाठ तोवर हरभऱ्याएवढी झालेली.

शेवटी तुला ओढतच नांदेडला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी तुकडा तपासून आणला. पापणीच्या आत तेलाच्या बारीक ग्रंथी असतात, त्यांचा कॅन्सर; क्वचितच होतो, आणि येतो तो रांजणवाडीचं सोंग घेऊन. बाई म्हणाल्या, गाठ आजूबाजूच्या चांगल्या कातडीसकट काढू, खालच्या पापणीचा भाग वर ओढून नवी पापणी करू, तोवर काही आठवडे डोळा शिवून बंद राहील. तू ताडकन उठलीस. "डोळा शिवत्यात व्हय कुठं? न्हाई जमायचं." माय, जन्मभर तू दुसरं काय केलंस? बाही फाटली तर आतल्या दुमडीतलं कापड काढून असा जोड द्यायचीस की घालणारीलाही पत्ता लागू नये. ते तेवढंच करणार होते. तुला ते बराबर कळलं होतं, याचीच मला चीड येते. शिवरात्रीची जत्रा होऊ दे, म्हणालीस. जत्रा झाली, उन्हाळा गेला, आणि कानापुढं दुसरी गाठ हाताला लागली. मग पापणीवर भागलं नाही. अख्खा डोळा काढला, मानेतल्या गाठी काढल्या, कॅन्सरवर किरणांचे शेक दिले, आणि तरी तू राहिली नाहीस. तुझ्यावर मी आजही चिडलेली आहे आणि मला तू आजही हवी आहेस.

मशीन चांगली चालते. मुलानं हिंगोलीत बिऱ्हाड केलं तेव्हा ती मी सुनेला दिली. तिला शिवणाची आवड नाही, तिनं वर कुंड्या मांडल्यात. मागच्या आठवड्यात गेले तर म्हणाली, "आई, ही घेऊन जा ना परत. तुमाले लागते, इथं नुसती जागा अडते."

खरंच लागते. माझे उसवलेले परकर पिशवीत तसेच पडून आहेत. हे पत्र कुठं धाडायचं नाही, म्हणून तुला सांगते. मी म्हणाले, "नको, असू दे तुझ्याकडं." आणि घरी येऊन आरशात पापणी बघितली.