‘अडेल का?’ विचारणाऱ्या दुकानाची वारस

मी, जुन्या सामानाच्या दुकानाची मालकीण, जिला सगळी गल्ली भंगारमावशी म्हणते, हे मृत्युपत्र राजीखुशीने, कोणाच्याही दडपणाशिवाय लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. डॉक्टरांचा दाखला जोडला आहे. आधीचे मृत्युपत्र रद्द समजावे. ते दिरावर चिडून केले होते.

१. राहते घर मुलाला. माझ्या आजारपणात त्याने हातचे काम टाकून माझे केले.

२. बँकेत असेल नसेल ते मुलीला. दागिने तिने आधीच नेले आहेत. माझी तक्रार नाही, पुढे भांडणे नकोत म्हणून नोंदवते.

३. धाकट्या दिराला लंगडी खुर्ची. “वहिनी, भंगारात बसून घराण्याचं नाक कापलंत तुम्ही,” असे तो चारचौघांत म्हणाला होता. खुर्ची दुरुस्त करून देऊ नये.

४. शिलाई मशीन दुकानातच राहील. यजमान गेल्यावर मी तेच विकायला इथे पहिल्यांदा आले. छताला पाळणे टांगलेले, न्हाणीच्या टबात पुस्तके भरलेली. दुकानदारकाकांनी किमतीआधी विचारले, “याच्यावाचून अडेल का?” मला रडू फुटले. ते म्हणाले, “मग विकू नका. खिडकीपाशी ठेवा. इथल्या सोफ्यांच्या खोळी शिवायच्या पडल्यात.” त्या खोळींवर माझी दोन्ही मुले वाढली. काकांना मूलबाळ नव्हते. जाताना दुकान माझ्या नावे करून गेले. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत, निदान कागदावर यावेत.

५. त्या प्रश्नाची हकीकत वारसाला ठाऊक हवी. दुकान मुळात सायकलदुरुस्तीचे. लोक सायकली टाकून विसरत, म्हणून काकांच्या वडिलांनी त्या विकायला काढल्या. एक पोस्टमन दुखण्यातून उठून आला, तर त्याची सायकल विकलेली. बिचारा पायी टपाल वाटू लागला. वडिलांनी घेणाऱ्याच्या हातापाया पडून ती परत आणली आणि तेव्हापासून विचारल्याशिवाय काही घ्यायचे नाही, असा नेम केला. धंदा त्यामुळे बेताचाच राहिला.

६. दुकान. मुलगा म्हणतो, “आई, गाळा मोबाइलवाल्याला देऊन टाकू. तू निवांत बस.” म्हणणे व्यवहाराचे आहे, पण त्याने नेम मोडेल. म्हणून दुकान सुनेला देते. ती इथे येते ती शिंकत आणि धुळीला नावे ठेवत. परवा मी आत पडून होते. एक गृहस्थ बायको वारल्यावर तिचा रेडिओ विकायला आले. मी हिला कधी काही शिकवलेले नाही. ही म्हणाली, “बाबा, याच्यावाचून अडेल का हो तुमचं?” त्यांनी रेडिओ पुन्हा छातीशी धरला. मग हिने त्यांना चहा दिला, रेडिओचे निखळलेले बटण बसवले आणि रेडिओसकट घरी धाडले. गिऱ्हाईक गेले, आणि मी आत पडल्या पडल्या सुखावले.

७. साक्षीदारांविषयी. सूनबाई सही करायला पेन घेऊन बसली होती. वकील म्हणाले, “तुमची चालणार नाही. ज्याला मिळायचं त्याने साक्ष द्यायची नसते.”

“मला काय मिळायचंय?”

तिने कागद ओढून वाचला. एरवी मला ‘अहो आई’ म्हणणारी ती माझा हात धरून म्हणाली, “आई, मला जमेल का गं?”

जमेल, असे मी येथे लेखी देते.

सही: भंगारमावशी
स्थळ: दुकानातली खिडकी
दिनांक: आजचा सोमवार, दुकानाची सुट्टी
साक्षीदार: शेजारचे न्हावी, समोरचे बेकरीवाले