समुद्रकिनारी एक दिवस, सुई न धरता

तीर्थस्वरूप ताईस,

धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (वाकायचा त्रास नाही, शिंप्याची पाठ जन्मभर तेच करते.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला हटला का? आम्ही दोघं इथे मजेत आहोत आणि अजून भांडलेलो नाही, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तू निवांत वाचशील.

निघताना तुझ्या भावजयीने घातलेली अट तुला ठाऊकच आहे. म्हणे, गावातल्या प्रत्येकाच्या खांद्याचं माप तुम्हाला तोंडपाठ, पण मी समोरून गेले तरी दिसत नाही. एक दिवस माझ्याबरोबर नुसता समुद्र बघा. त्या दिवशी सुई हातात धरलीत, तर मी तिकडूनच लेकीकडे जाईन आणि मनात येईल तेव्हा परतेन. ही बोलते तसं करते, ताई. हिच्याशिवाय मला चहा धड करता येत नाही, आणि खरं सांगू, दुकानात हिची कुरकुर कानावर पडली नाही तर माझा टाकासुद्धा सरळ पडत नाही.

तर तो दिवस काल उजाडला. सकाळीच आम्ही किनाऱ्यावरच्या राष्ट्रीय उद्यानात गेलो. समुद्र छान होता. निळा. (रंगाबद्दल आणखी बोलणार होतो, पण कोटाचं अस्तर ओठांवर आलं, म्हणून गिळून टाकलं.) दाट झाडी, पांढरे पक्षी, मऊ वाळू, कशाची म्हणून घाई नाही. मी म्हटलं, किती बरं वाटतं, नाही? तर ही चक्क हसली! मनात म्हटलं, जिंकलो बुवा.

पण नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं. ओहोटी लागली होती आणि एक वनरक्षक खडकांतल्या डबक्यातले खेकडे दाखवत होता. माणूस भला, पण त्याची पँट कुणी शिवली देव जाणे, आसनाला कापडच सोडलं नव्हतं. मी मघापासून समुद्राकडे तोंड करून स्वतःला बजावत होतो, आपल्याला काय करायचंय! तेवढ्यात तो उकिडवा बसला आणि टर्रर्र! समोर पर्यटक, त्यात त्याच्या वरच्या अधिकारी बाई. बिचारा खडकाला पाठ लावून उभा राहिला तो हलेचना. खेकड्यांची माहिती संपली, तरी पुन्हा पहिल्या खेकड्यापासून सांगू लागला.

मी हिच्याकडे बघितलं. ही काही बोलली नाही. आता इतक्या वर्षांच्या संसारात न बोलणं म्हणजे परवानगीच की! (कॉलरच्या आत सुई-दोरा असतोच माझ्या, मुद्दाम नेला नव्हता.) त्याला त्याच्या चौकीत नेलं आणि बाकावर बसून पँटीला हाताने पक्का बखिया घातला. वनरक्षक टॉवेल गुंडाळून खिडकीतूनच खेकडे सांगत होता. मग नावाडी बटणं घेऊन आला, मग तिकीटवाल्या बाईंची बाही. दिवस कधी कलला कळलंच नाही.

आणि ही सगळा वेळ माझ्या शेजारी बसून होती. कपाळाला आठी नाही, एक शब्द नाही. मी मधूनमधून समुद्राबद्दल बोलत होतो, तेही हिने शांतपणे ऐकून घेतलं. लेकीकडे जायचं नावसुद्धा काढलं नाही. इतका निवांत दिवस आमच्या संसारात आला नव्हता, ताई. फार सुख वाटलं.

भाऊजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. इथे उद्यानातल्या सगळ्यांना एकाच मापाचे नवे गणवेश आलेत, बघवत नाही. दुकानाची किल्ली तुझ्याकडेच आहे, तिथलं हातमशीन पार्सलने पाठव. वर 'औषधं' असं लिही. हिला कळता कामा नये.

आणखी ता. क. वन्सं, मी तुमची भावजय. हे पत्र पेटीत टाकायला यांनी माझ्याच हाती दिलं, तेही न चिकटवता. शेजारी बसली होती ती माझी पिशवी. तिच्यावर माझी टोपी ठेवली होती. यांनी सुईत दोरा ओवला तेव्हाच मी उठले आणि संध्याकाळपर्यंत पाण्यात पाय सोडून बसले. आधी रडू आलं. मग लक्षात आलं, आज कुणी कात्री मागत नाही, कुणी हाक मारत नाही. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! लेकीला येत नाही असं कळवलंय, इथलाच मुक्काम वाढवलाय. मशीन लगेच पाठवा. आणि वन्सं, दोरे भरपूर घाला.