माझ्या वाट्याचे शेवट

४ मार्च, सकाळ

...तर मुद्दा असा, की ती गेलेली नाही. ती फक्त येत नाहीये. या दोन गोष्टींत फरक आहे आणि तो ताईला कळत नाही, कारण ताई फिक्शन वाचत नाही.

तिचं नाव या डायरीत लिहायचं नाही असं ठरवलंय. मॅच्युअर माणसं असंच करतात. तिला आपण पूर्वार्ध म्हणू. पुस्तकाच्या फर्स्ट हाफला पूर्वार्ध म्हणतात हे मला तिनेच सांगितलं. मी इंग्लिश मीडियमचा. तोवर मी ‘इंटरव्हलच्या आधीचं’ म्हणायचो.

फॅक्ट्स लिहून ठेवतो, म्हणजे पुढे गोंधळ नको. रविवारच्या पुरवणीत आमचं पुस्तक परीक्षणाचं सदर होतं, ‘चार डोळे’. पेपरवाले पुस्तकाची एकच कॉपी पाठवायचे आणि आम्ही दोघं. मग मी आयडिया काढली. बाबांचं फोटोफ्रेमचं दुकान आहे, तिथे मी बसतो, कटर आणि स्टीलची पट्टी कायम हाताशी. पुस्तक मधोमध कापायचं. पहिला भाग तिचा, दुसरा माझा. ती सुरुवातीवर लिहिणार, मी शेवटावर, मग ती दोन्ही जोडून पाठवणार. निम्म्या वेळात अख्खं पुस्तक. मोठमोठ्या समीक्षकांना हे सुचलेलं नाही. बाबा म्हणायचे, पुस्तकं बांधायला बाइंडर असतो, तोडायला आमचे चिरंजीव आहेत.

माझ्या खोलीत आज एक कपाटभर पुस्तकं आहेत. त्यातलं एकही पुस्तक पान एकपासून सुरू होत नाही.

मागच्या रविवारी ती दुकानात आली. नवीन पुस्तक काउंटरवर ठेवलं. मी कटर काढला. म्हणाली, थांब, मला आता हे नाही जमणार. मी म्हटलं, ठीक आहे, या वेळी दुसरा भाग तू घे. ती म्हणाली, मी पुस्तकाबद्दल बोलत नाहीये. आणि निघाली. निघणं म्हणजे जाणं नव्हे.

शिवाय ‘आता’ म्हणाली. ‘कधीच’ म्हणाली नाही.

संकल्प: मार्चमध्ये प्रत्येक प्रकारचं एक पुस्तक, एकट्याने, अख्खं. असे रिव्ह्यू लिहायचे, की रविवारी पेपर वाचता वाचता तिने फोन उचलला पाहिजे आणि माझा नंबर लावला पाहिजे.

५ मार्च

एडिटर मॅडमना फोन केला. त्यांनी विचारलं, सदराचं नाव आता काय ठेवू, दोन डोळे? मी म्हटलं, चारच ठेवा, ती परत येतेय. मॅडम म्हणाल्या, मला तसं काही बोलली नाही ती. मी म्हटलं, मलाही अजून बोललेली नाही. मॅडम म्हणाल्या, बरं, एक लिहून पाठव, बघू.

कॉन्फिडन्स हाय.

७ मार्च — रहस्यकथा

न कापलेलं पुस्तक हातात फार जड लागतं. एका हाताने चहा पिता येत नाही.

पान एकपासून सुरू केलं. वीस पानं झाली तरी कुणी मेलं नाही. नुसती माणसं येतात, बसतात, घराचं वर्णन. मला सुरुवातींची सवय नाही हे मान्य, पण लेखकाने तरी वाचकाचा वेळ पाळावा. शेवटी पुस्तक मधोमध उघडलं आणि गाडी रुळावर आली. तासाभरात संपवलं. टेक्निकली नेहमीच्या दीडपट वाचलं म्हणता येईल, कारण ती वीस पानंही धरायची.

रिव्ह्यू पाठवला. पहिलं वाक्य दमदार: ‘खून माळ्याने केला.’

८ मार्च

मॅडमचा फोन. म्हणाल्या, अरे शहाण्या, पहिल्याच ओळीत खुनी सांगतोस? आधी तर असं कधी केलं नव्हतंस. मी म्हटलं, मी नेहमी असंच लिहितो. मग माझ्याच लक्षात आलं, छापून येताना ते वाक्य कधी नसायचं. ती काढत असणार. चार लोकांत बोलू नये, पण तिला धाडसी लेखनाची जरा भीतीच होती.

खुनी काढून परत पाठवलं. सात ओळी उरल्या.

१० मार्च

ताई आली होती. माझ्या खोलीच्या दारात उभी राहून म्हणाली, एकदा नीट रडून घे बघू, मोकळा होशील. मी म्हटलं, डोळे लाल दिसतात ते वाचनाच्या स्ट्रेनमुळे. ताई म्हणाली, सात ओळी लिहायला एवढा स्ट्रेन? आईने तिला आत बोलावलं. मग दोघी स्वयंपाकघरात माझ्याबद्दल इतक्या हळू आवाजात बोलल्या, की मला सगळं ऐकू आलं. आई म्हणाली, पोरगी चांगली होती गं. होती म्हणाली. व्याकरण सुधारावंसं वाटलं. सोडून दिलं.

केमिस्टकडून आय ड्रॉप्स आणले. आता कुणाला शंका नको.

१३ मार्च — प्रवासवर्णन

एका रिटायर्ड इंजिनिअरने सायकलवरून केलेला प्रवास. पाच पानं सलग वाचली, मग मन लागलं नाही, मग मात्र रिव्ह्यू आपोआप आला. एवढं फ्लोमध्ये मी कधीच लिहिलेलं नाही. वळणावळणाचा रस्ता, खिडकीची सीट, खांद्यावर टेकलेलं डोकं, उतरताना विसरलेली ओढणी.

१४ मार्च

मॅडमनी विचारलं, सायकलला खिडकी कुठे असते? आणि हा गृहस्थ सत्तर वर्षांचा आहे, ही ओढणी कुणाची?

मी म्हटलं, ते इंटरप्रिटेशन आहे.

मॅडम म्हणाल्या, राजा, दोन आठवडे सुट्टी घेतोस का? मी म्हटलं, उलट आता लय सापडलीय.

१६ मार्च

वाचन नाही. दुकानात काम फार.

१७ मार्च

दुकानात काम नव्हतं. तरी वाचन नाही.

एका गिऱ्हाइकाच्या लग्नाच्या फोटोचा माउंट कापताना माप चुकलं. नवरा फ्रेमच्या बरोबर मधे, नवरी पुठ्ठ्याखाली. बाबांनी नवीन पुठ्ठा घेतला, स्वतः कापला, कटर स्वतःच्या खिशात ठेवला आणि म्हणाले, तू आठवडाभर काचा पूस.

१९ मार्च — सेल्फ-हेल्प

पुस्तकाचा विषय, जुनं सोडून देणं. मला याची गरज नाही, पण जॉनर कव्हर करायला हवा. त्यात एक एक्सरसाइज आहे. जे सोडवत नाही ते एका कागदावर लिहा आणि कागद फाडा. मी ‘आळस’ असं लिहिलं आणि फाडला. काही वाटलं नाही. पुस्तक बकवास आहे.

२१ मार्च — कवितासंग्रह

पातळ पुस्तक, म्हणून हातात घेतलं. पण कवितांचं वेगळंच लफडं आहे. एकदा आमच्या कापण्यात एक कविताच मधून गेली होती. वरची चार कडवी तिच्याकडे, खालची दोन माझ्याकडे. तिने फोन केला, म्हणाली, मी माझी वाचते, मग तू तुझी वाच. मी म्हटलं, फोटो काढून पाठव ना, सोपं पडेल. पाठवला नाही. नेटवर्क खराब असणार.

ती दोन कडवी मला पाठ आहेत. वरची चार कशी होती कोण जाणे.

आज रिव्ह्यू नाही. ड्रॉप्स संपले.

२३ मार्च, दुपार

ब्रेकथ्रू. इतके दिवस सुचलं कसं नाही?

तिच्याकडे फक्त सुरुवाती आहेत. कित्येक पुस्तकांमध्ये पुढे काय झालं हे तिला माहीतच नाही. कोण वाचलं, कोण मेलं, कुणाचं कुणाशी जमलं. माणूस असा जगूच शकत नाही. ती तिकडे तडफडत असेल आणि मानी स्वभावामुळे विचारत नसेल. मी माझे सगळे भाग घेऊन जायचं. ते आणि तिचे एकत्र ठेवायचे. त्यासाठी एक घर लागेल, पण तो पुढचा विषय.

बाबा पिशव्या भरताना बघून म्हणाले, रद्दीत द्यायचंय का सगळं? मी म्हटलं, बाबा, हे भेट म्हणून द्यायचंय. बाबांनी स्कूटरच्या किल्ल्या काढून दिल्या आणि म्हणाले, गाडी सावकाश चालव. त्यांनी मला स्कूटरबद्दल सूचना दिल्याला पंधरा वर्षं तरी झाली असतील.

२५ मार्च

जे झालं ते ऑब्जेक्टिव्हली लिहितो.

ती चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. मालक गल्ल्यावरून सगळीकडे बघत असतो, स्टाफने नुसतं बोलत उभं राहिलेलं त्याला चालत नाही. म्हणून तिने मला गिऱ्हाइकासारखं खुर्चीत बसवलं. भिंगं बदलायची ती जड फ्रेम माझ्या नाकावर चढवली. पिशव्या दाराशी.

मी म्हटलं, सगळे शेवट आणलेत तुझ्यासाठी.

तिने एक भिंग घातलं, विचारलं, समोरचं दिसतंय? मग म्हणाली, मला शेवट माहीत आहेत रे. प्रत्येक पुस्तक मी लायब्ररीतून आणून पूर्ण वाचायचे. नाहीतर दोन्ही भाग जोडले कसे असते?

मी विचारलं, मग कापू का दिलंस?

ती भिंग पुसत होती. म्हणाली, तू किती हौसेने बसायचास कापायला. पट्टी लावून, जीभ बाहेर काढून. बघायला आवडायचं मला.

दुसरं भिंग. आता बरं दिसतंय की आधीचं बरं होतं? मी म्हटलं, आधीचं. तिने मान हलवली.

मग म्हणाली, तुला कधी विचारावंसं नाही वाटलं? तुझ्या भागात माणसं भांडतात, सोडून जातात, मरतात. ती इथपर्यंत आली कशी, हे एकदाही नाही विचारलंस. मी म्हटलं, संदर्भावरून कळतं. ती म्हणाली, हो, तू माझ्याशीही तसंच वागलास. घरी काय झालं, दिवस कसा गेला, काही नाही. मी रडायला लागले की तिथून पुढे तू हजर.

मालक खोकला. तिने मला समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला सांगितली. मला एकही दिसेना. ती म्हणाली, डोळे पूस आधी. मी म्हटलं, ड्रॉप्स संपलेत. तिने स्वतःचा रुमाल दिला, पण माझ्याकडे न बघता.

तुझ्याकडचे पहिले भाग तरी दे, असं मी म्हटलं. म्हणाली, घर बदललं तेव्हा दिले रद्दीत. अर्धी पुस्तकं कोण ठेवून घेणार?

मग अगदी हळू म्हणाली, ते एक पुस्तक आठवतंय? छोट्या फ्लॅटमधल्या त्या नवराबायकोचं. तू लिहिलं होतंस, ‘नायिका विनाकारण निघून जाते.’ तुझं बाकी सगळं मी दुरुस्त करायचे. ते वाक्य तसंच ठेवलं. वाटलं, छापून आल्यावर तरी विचारशील, की हिचा पहिला भाग काय होता.

मी म्हटलं, मला वाटलं तुला आवडलं म्हणून ठेवलंस.

तिने माझ्या नाकावरून फ्रेम उतरवली. म्हणाली, तुझे डोळे चांगले आहेत, नंबर काही नाही. मग पुढच्या बाईंना हाक मारली.

पिशव्या परत आणल्या. स्कूटर सावकाश चालवली.

२६ मार्च

एकंदरीत भेट पॉझिटिव्ह झाली. बोलली तरी. रुमाल माझ्याकडेच राहिलाय, म्हणजे परत करण्याच्या निमित्ताने जाता येईल.

२८ मार्च

ताई म्हणाली, रुमाल इकडे दे, मी नेऊन देते. दिला नाही. ताई बाजूला बसली. टोमणा मारला नाही. त्यामुळे प्रकरण सिरीयस असावं अशी मला पहिल्यांदाच शंका आली.

३१ मार्च — कौटुंबिक कादंबरी

लायब्ररीतून ते नवराबायकोचं पुस्तक आणलं. लायब्ररीचं आहे, कापता येत नाही. बाबांनी कटरही अजून दिलेला नाही.

सकाळी पान एकपासून बसलो. मधे उघडलं नाही. एकही पान सोडलं नाही.

काहीच घडत नाही. ती दोघं फ्लॅट बघतात. बादली विकत आणतात. पडद्याच्या रंगावरून भांडतात आणि पडदा लावतच नाहीत. मी पेन्सिल घेऊन बसलो होतो, की जिथे बिघडतं तिथे खूण करायची. खूण करायला जागाच सापडली नाही. ती मधूनमधून त्याला काहीतरी सांगायला लागते आणि तो म्हणतो, हो हो, पुढे? वाईट नाही माणूस. घाईत असतो इतकंच. एकदा ती गॅलरीत त्याला हाक मारते, आकाश बघ म्हणते. तो म्हणतो, येतो. पुढच्या परिच्छेदात दुसराच दिवस आहे. मी मागे जाऊन दोनदा पाहिलं, तो गॅलरीत गेला का. गेला नाही.

आता दुपार झालीय. आई दोनदा जेवायला बोलावून गेली. मी पान एकशे एक्कावन्नवर आहे. ती स्वयंपाकघरात ओट्याशी उभी आहे, तो बाहेरच्या खोलीत बसलाय, आणि ती म्हणते, ऐकतोयस ना? इथे पान संपतं.

उलटलं की फक्त एकशे बावन्न, आणि त्याच्या शेजारचं एकशे त्रेपन्न माझं आहे. तिथून शेवटपर्यंत सगळं मला पाठ आहे. बॅग, जिना, खाली उभी असलेली टॅक्सी.

मॅडमना उद्यापर्यंत रिव्ह्यू हवाय. अजून एक ओळ लिहिलेली नाही. बोट पानाच्या कोपऱ्याखाली आहे आणि ती अजून घरातच आहे, उत्तराची वाट बघत.

तुम्ही असतात तर उलटलं असतं का हे पान?